स्टुलावरचा माणूस

“उठा जी तिथून! माणूस बसून राहिला ना, दिसत नाही काय तुमाले?”

रेकॉर्ड रूमचा कारकून असा ओरडला की लकडगंजातल्या सागाच्या ओंडक्यांना पालवी फुटावी. मी टेकायला गेलो ते स्टूल तर रिकामं होतं!

आजोबा बायको-पोरं टाकून पळाले, म्हणून माझे वडील त्यांचं नाव घरात घेऊ देत नसत. त्यांचं पुढं झालं काय, ते जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींत शोधायला मी नागपूरच्या त्या कचेरीत हजार खेटे घातले असतील. स्टूल दर वेळी रिकामं, आणि मी दर वेळी उभा. नोंदवह्यांचा प्रत्येक बस्ता सोडण्याआधी कारकून परक्याच्या घरात शिरावं तसा खाकरायचा.

एका दुपारी मौदा गावच्या पानावर त्याचं बोट थांबलं.

“पळाले कुठं जी तुमचे आजोबा? तुमी सांगता त्या तारखेले घरून निघाले अन् तिसऱ्याच दिवशी बैलबाजारात पटकीनं गेले.”

मग त्यानं ते स्टूल धोतराच्या सोग्यानं पुसून माझ्याकडे सरकवलं. “बसा.”

बसलो. खोटं नाही सांगत, लाकूड उबदार लागलं.

“आणि इथं बसायचे ते?”

नोंदीची नक्कल उतरवता उतरवता, मान वर न करता तो म्हणाला, “गेले ना. काम झालं त्यांचं.”