ठकुबाईचं पाणी आणि तुडतुडे

ठकुबाईच्या वाकड्यात शिरायचं नाही, हे वेल्ह्याच्या त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कळलं नाही ते एकट्या गेनबाला. गेनबा तिचा चुलत दीर. त्याचं भातखाचर तिच्या खाचराच्या खालच्या अंगाला. दोन वर्षांमागं तिच्या मालकाच्या दहाव्याला सगळं घर नदीवर गेलं होतं. तेवढ्यात या बहाद्दरानं सामाईक बांधावरचा आंबा तोडून विकला. मालकानं हातानं लावलेला आंबा! बाई परत आली, बुंधा बघितला आणि म्हणाली, "गेनबा, तुझ्या खाचरात भेगा बघीन, तवाच माझा जीव थंड हुईल."

यंदा संधी चालून आली. भात पोटरीला आलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि पावसानं दडी मारली. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात सोडायचं, ही वाडवडलांपासूनची रीत. ठकुबाईनं बांधाची मोरी दगडमाती कोंबून अशी बुजवली, की थेंब पाझरेल तर शपथ. तिच्या खाचरात झऱ्याचं पाणी नडगीभर तुंबलं. गेनबाच्या रानात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. रोज सकाळी ती बांधावर मिश्री लावत बसायची आणि खाली बघायची. काय सुख वाटायचं म्हणून सांगू!

गेनबा हात जोडून आला. "वहिनी, चुकलं माजं. चार दिस पाणी सोडा."

"आंबा उभा कर, लगीच सोडते," म्हणाली आणि पचकन थुंकली.

पंधरा दिवसांनी तिच्या हिरव्यागार भातात मधोमध परातीएवढा पिवळा डाग पडला. आठवड्यात तो खळ्याएवढा झाला, जळाल्यासारखा. तिनं वरनं औषध मारलं. कशाचं काय! शेवटी कृषी सहायक नूतन आली. तिनं भाताचा ठोंब फाकवला, तर बुंध्याशी तिळाएवढे तपकिरी तुडतुडे दाटीवाटीनं रस पीत बसलेले.

"आजी, साचलेल्या पाण्यात यांचं फावतं. इतके दिवस पाणी कोंडलंत कशाला? आजच सोडा, नाहीतर उरलेलंही जाईल."

वर्षाचं भात डोळ्यांदेखत चाललं होतं. ठकुबाईनं दातओठ खात कुदळ उचलली आणि मोरी फोडली. "जा मेल्यांनो, जा त्याच्याकडं!" ती पाण्याबरोबर तुडतुड्यांनाही सांगत होती.

गेनबा धावत आला. पण त्यानं पाणी घेतलंच नाही. खालचा बांध फोडून सरळ ओढ्याला लावून दिलं. त्याच्या भाताला एक डाग नव्हता.

"आता नगं वहिनी. परवाच्या दोन सरींवर भागलं माजं," तो म्हणाला. "समद्या शिवारात तुडतुडा फिरला, माज्या वाळल्या रानात काय टिकला न्हाई. तुमी पाणी अडवलंत म्हणून वाचलो. लई उपकार झाले."

कुजकं बोलला असता तर ठीक होतं, कुदळ हातातच होती. पण मेला मनापासून बोलत होता.