डब्यात एक हाय ना!

सत्तार गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोदामात मालाच्या भावावरून हुज्जत घालत होतो. समोरचा खाली उतरायला तयार नव्हता आणि मी वर चढायला. फोनवर सत्तारची मुलगी रुबीना होती. "काका, अब्बा गेले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर नेणार हायेत." एवढंच. मी फोन खिशात ठेवला, समोरच्याला म्हणालो, "तुमचाच भाव खरा, माल पाठवा," आणि बाहेर येऊन ट्रकच्या सावलीत उभा राहिलो. असा सौदा मी जन्मात केलेला नाही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी डोळ्यांपुढे सत्तारचा चेहरा आला नाही. आला तो माझा स्टीलचा डबा... त्याच आठवड्यात मी त्याच्या खाटेशी ठेवून आलेला, भाजलेल्या सुक्या बोंबलांनी भरलेला.

ती आमची शेवटची भेट. तो खाटेवर पडून होता, पाय सुजलेले, चेहरा पिवळट. घरचे म्हणाले, कमजोरी आहे. मी डबा उघडून पुढे धरला तर त्यानं हातच लांब केला नाही. "राहू दे," म्हणाला. माझं डोकं फिरलं. "जन्मभर न विचारता खाल्लंस, आणि आज हातात देतोय तर राहू दे?" तो हसला. "हातात दिलेल्याला चव नसते रे, गौतम." मी डबा खाटेखाली आदळला आणि निघून आलो. कब्रस्तानात मातीची मूठ टाकून मागे सरलो तेव्हा त्याच्या मेव्हण्याकडून कळलं की सत्तारच्या किडन्या कधीच्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. "सुकी मच्छी तर जहरच," तो सहज बोलून गेला. माझ्या हाताला अजून माती लागलेली होती. हे मला कुणी का सांगितलं नाही? गावभर कुणाच्या कापडाच्या लूमचा पट्टा तुटला तरी मला कळतं आणि माझ्या माणसाचं मीठ बंद आहे, हे कळत नाही? तो राग अजून गेलेला नाही. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. सत्तारला मी ओळखत होतो. त्याच्या हाताशी माझा डबा असावा आणि त्यानं तो उघडू नये, असं कधी झालं नव्हतं.

आम्ही भिवंडीत एका खोलीत राहायचो, तेव्हा दोघंही बिनलग्नाचे. मी दिघाशीहून आलेलो, गोदामात पोती उचलता उचलता दलालीला लागलेलो. तो इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातला. भावांशी वाजलं म्हणून घर सोडलेला, लूम दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माझी आई गावाहून डबा पाठवायची. बोंबील, जवळ्याची चटणी, कधी तिळाचे लाडू. मी ड्युटीवरून परत यायच्या आत सत्तार त्यावर हात मारून मोकळा. पण त्याचा एक नियम होता. शेवटचा एक तो कधीही खायचा नाही. मी डबा त्याच्या नाकासमोर नाचवून ओरडायचो, "संपवलास ना?" तो शांतपणे आत बोट दाखवायचा. "संपवला कुठं? एक हाय ना!" व्यापाऱ्यांना मी बोलण्यात गुंडाळायचो, पण या एका वाक्यापुढे माझं काही चालायचं नाही.

एकदा मात्र तो पुरता फसला. कापड विणताना सूत ताठ राहावं म्हणून त्याला सायझिंगमध्ये खळ लावतात. तिच्यासाठी चिंचोक्याचं पीठ लागतं. त्या पिठाची दलाली मी नुकतीच धरली होती आणि नमुना म्हणून थोडं पीठ आईच्याच रिकाम्या डब्यात भरून ठेवलं होतं. शुक्रवार होता, लूम बंद. मी नाक्यावरून परत आलो तर सत्तार स्टोव्हसमोर पातेलं धरून बसलेला. "तुझ्या आईनं नाचणीचं सत्त्व भारी पाठवलंय," म्हणाला, "पण साखर टाकली तरी चव लागत न्हाय." पातेल्यात चमचा उभाच्या उभा होता. त्याच्या मिश्या इस्त्रीच्या कॉलरसारख्या ताठ झाल्या होत्या. मी आधी हसलो... आणि मग आठवलं. बुरशी धरू नये म्हणून काही लोक त्या पिठात मोरचूद मिसळतात, ते निळं विषच. या नमुन्यात होतं की नव्हतं, ते मला माहीत नव्हतं. सत्तारला सांगितलं, तर त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "सगळं न्हाय खाल्लं. हाय की अजून."

नाक्यावरचा डॉक्टर म्हणाला, आधी त्यात काय होतं ते विचारून या, मग औषध. मग सत्तारला टेम्पोत घातलं आणि पीठवाल्या शेठच्या काल्हेरच्या गोदामात नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो पोटावर हात ठेवायचा आणि मी त्याच्या ओठांचा रंग बघायचो. शेठ गादीवर चहा पीत होता. "शेठ, पावडर में क्या मिलाया है?" मी विचारलं. त्याचे डोळे बारीक झाले. धंद्यातली गोष्ट अशी कोण सांगतो? "शेठ, मेरा आदमी खा गया है!" त्यानं सत्तारला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाला, "भाव गिराने का ये नया तरीका है क्या?" मी हात जोडले, शिव्या दिल्या, त्याची कॉलर धरली. तो म्हणे, आधी माझा भाव कबूल कर. "कबूल!" मी ओरडलो. तरी त्याला खरं वाटेना. गौतम एका शब्दात कबूल म्हणतो, म्हणजे नक्कीच काहीतरी डाव आहे. शेवटी सत्तारच मध्ये पडला. मिश्यांमुळे त्याला धड बोलता येत नव्हतं. "शेठ, मरना है तो बता दो, भाई लोगों से झगडा मिटाना है." तेव्हा कुठे शेठ उठला, पोत्यातून चिमूटभर पीठ घेऊन स्वतःच्या जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "खालिस माल है. मेरा नाम खराब मत करो." मी तिथेच पोत्यावर बसलो. मागून हमाल ओरडला, "इसको लूम के बीम पे चढा दो, कडक कपडा निकलेगा!" पुढे कित्येक दिवस धंद्यातली सगळी लाईन सत्तारला 'कडक माल' म्हणायची. त्याचं पोट ठिकाणावर यायला वेळ लागला, आईचं पातेलं तर कायमचंच गेलं. परतीच्या वाटेत मी त्याला म्हणालो, "परत माझ्या डब्याला हात लावलास तर बघ." तो म्हणाला, "मला काय झालं असतं तर तू रडला असतास काय रे?" त्या संध्याकाळी तो भावांकडे जाऊन आला.

म्हणूनच तो गेल्यावर मला चैन पडेना. त्या वेळी विचारायला शेठ तरी होता. आता कुणाला विचारू? त्याची बायको नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीत, तिला परक्यानं भेटायचं नाही. आणि दुखवट्याच्या घरी जाऊन काय विचारायचं, तुमच्या माणसानं माझे बोंबील खाल्ले का? दारापर्यंत जाऊन मी किती वेळा मागे फिरलो. त्यानं खाल्ले नसतील तर माझ्यावर रुसून गेला, आणि खाल्ले असतील तर... दोन्हीकडून माझीच मान अडकलेली. जेवताना बोंबलाचा वास आला की घास खाली उतरत नसे. बायकोनं शेवटी घरात सुकी मच्छी आणणंच बंद केलं.

मग एके दिवशी रुबीना माझ्या दलालीच्या दुकानावर आली. हातात डबा. "अम्मी बोलली, रिकामा डबा परत देऊ नये. पण अब्बांनी सांगून ठेवलेलं, यात दुसरं काय भरायचं न्हाय." मी झाकण काढलं. तळाशी एकच बोंबील होता. एक उरला म्हणजे बाकीचे कुठे गेले, हे मला जन्मभर माहीत होतं.

"खाल्ले त्यानं?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "काकांनी विचारलं तर हो बोल, असं अब्बांनी सांगितलं होतं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "न्हाय हो काका, न्हाय खाल्ले. एकाचा नुसता वास घेतला. बाकीचे मी आणि अम्मीनं संपवले. बोलले, गौतम रागावून गेलाय, एक ठेवा, न्हायतर त्याला पटायचं न्हाय मी खाल्ले म्हणून."

मी खुर्चीत बसलो. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच दमात असा संताप आला की सांगता येत नाही. बाजारात मला फसवणारा अजून जन्मायचाय, आणि हा माणूस जाता जाता एका बोंबलावर मला फसवायला निघाला होता... रुबीनासाठी चहा मागवला. ती रडत होती आणि मी तिच्या बापाला तिच्यासमोर शिव्या देत होतो. मधेच ती हसली.

डबा आता दुकानात माझ्या खुर्चीमागच्या फळीवर असतो. वास येतो म्हणून गिऱ्हाइकं नाक मुरडतात, येऊ दे. बायको परवा दुकानात आली, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "एवढा डबा अडकवून ठेवलाय, रिकामा करून घासून ठेवू का?"

मी म्हणालो, "रिकामा कुठं? एक हाय ना."