अठ्ठेचाळीस कोपरे

संगणकावर आराखडा काढून थेट यंत्राकडून लाकूड कापून घ्यायची विद्या शिकायला जामसंड्याच्या सदानंद आर्किटेक्टांनी बावन्नाव्या वर्षी ऑनलाइन वर्ग लावला. "आता तुझ्या पटाशीचे दिवस संपले," असं सत्यवान सुताराला तोंडावर सांगूनही झालं.

पहिली खिडकी तळेऱ्याच्या कारखान्यातल्या यंत्रावर कापून आली, तर गजांसाठीच्या चौकोनी भोकांचे कोपरे गोल! यंत्राचं टोक गिरमिटासारखं फिरतं, त्याला आतला काटकोन साधत नाही, हे साहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचे कान तापले. सत्यवानाने मात्र पटाशी घेऊन अठ्ठेचाळीस कोपरे काटकोनात आणले.

दुसऱ्या दिवशी वर्गात खिडकी दाखवायची होती. सत्यवान ती कॅमेऱ्यासमोर धरून उभा राहिला. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोपरे इतके नेमके कसे आले?"

"फाइलच तशी बनवली होती," सदानंद म्हणाले.

वर्ग संपला. सत्यवानाने खिडकी हळूच भिंतीला टेकवली.

"सायबानू, ती फाइल माका पण शिकवशात काय? पटाशी मारून हात दुखतत."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर सदानंदांना निदान त्याच्याकडे बघता तरी आलं असतं.