मनोऱ्यावरचे पायजमे

गाओतुङ गावचा ढोलमनोरा जळून वर्ष झालं होतं. अकरा छपरांचा, एकही खिळा न मारता उभा केलेला तो मनोरा बघायला कुठून कुठून माणसं येत आणि मान दुखेपर्यंत वर बघत राहत. तो बांधणारा गुआङहान सुतार तर कधीच गेला होता. कागदावर त्याने जन्मात रेघ मारली नाही. उभा चिरलेला एक लांब बांबू आणि त्यावर शाईच्या खुणा, एवढ्या मापकाठीत सगळा मनोरा.

वरच्या खोऱ्यातून लुङ सुतार आला. गाव म्हणालं, "होता तस्सा पाहिजे."

"मग त्याची मापकाठी आणा. नाहीतर माझ्या मापाने बांधतो, गुआङहानचा मनोरा विसरा."

आठवडाभर लोक माळे उपसत होते. गुआङहानची बायको मान्यी तेवढी गप्प. एरवी तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. काठी कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर सज्ज्यातला कपडे वाळत घालायचा बांबू मोडला, तेव्हा तिने हीच काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून टाकली होती. गुआङहान जिला धूप दाखवल्याशिवाय काम सुरू करत नसे, तिच्यावर नऊ वर्षं पायजमे वाळत होते. कुठल्या तोंडाने सांगणार? त्यात उन्हापावसाने काठी पांढरीफटक पडलेली. नवऱ्याचा मनोरा आपणच पुसून टाकला, असंच तिला वाटत होतं.

आठव्या दिवशी ती लुङ सुताराला सज्ज्यात घेऊन आली.

"भावजी, हसायचं नाही. ओरडायचंही नाही."

त्याने आ वासला. "वहिनी! मनोऱ्यावर पायजमे?"

"मग ओले घालून हिंडू?" ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

त्याने पायजमे तिच्या हातात दिले, दोर सोडला, काठी उलटी केली. चिरलेल्या कडांना अडकून कपडे फाटू नयेत म्हणून मान्यीने बांबूची पोकळ बाजू खाली ठेवली होती. आत खुणा काळ्याभोर, कालच काढल्यासारख्या.

तो खुणांवरून बोट फिरवू लागला. "हा मधला खांब... ही तिसऱ्या छपराची तुळई... वहिनी, बघा हो, वर कसा निमुळता नेलाय!" तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती वाकून बघू लागली. एवढा थोरला मनोरा नऊ वर्षं आपल्या हाताशी होता!

उभारणीच्या दिवशी सगळं गाव दोरांना लागलं. शेवटची तुळई एका ठोक्यात खाचेत बसली. अकरा छपरं, तीच. मान्यी वर बघत राहिली.

लुङ सुतार काठी घेऊन आला. "वहिनी, ही आता मनोऱ्यातल्या ढोलाशेजारी आडवी टांगतो."

"टांगा," ती डोळे पुसत म्हणाली. "पण पोकळ बाजू खाली ठेवा."