मागच्या दाराचं पोतं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच दिवाणाखाली ओणवी होऊन ओली फरशी टिपत होते. पलीकडून आक्कांची लेक मनीषा रडत होती आणि मला सुचलं काय, तर आधी हात धुवायला हवेत... आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. वडगावातल्या आमच्या घरात खाली त्या, वर मी. दोघींचे नवरे आधीच गेलेले. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात भेटले, तर त्यांनी स्वतःच्या दुखण्याचं अवाक्षर काढलं नाही. "बुंदी भाइर जाऊन आली का गं?" एवढंच विचारलं. बुंदी म्हणजे त्यांची कुत्री. मग जरा डोळे मिटून, "मागच्या दाराचं पोतं हाय न्हवं जाग्यावर?" मी 'हाय' म्हटलं. आजारी माणूस काहीबाही बोलतं, असं वाटलं मला.

शाळेतून निवृत्त झाल्या त्या वर्षी आक्का खडेबाजारात पातळ आणायला म्हणून गेल्या आणि पिशवीतून ठिपक्यांचं पिल्लू घेऊन आल्या. मी कपाळाला हात लावला. त्या पिल्लानं आल्या आल्या माझ्या माहेरची सतरंजी ओली केली. मी फिनेलची बाटली घेऊन धावले, तर आक्कांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "फिनेलनं आपलं नाक फसतंय, कुत्र्याचं न्हाय. ती परत हितंच येणार बघ." जन्मभर पोरांना पाढे शिकवलेल्या बाई, मला शिकवायला किती वेळ लागणार? घासायचं नाही, टिपायचं. सुती फडकं दाबून धरायचं, साध्या पाण्यानं भिजवून परत टिपायचं, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुन्हा तेच. वाळल्यावर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी झाडून घ्यायचा. गादी असली तर गच्चीवर ऊन दाखवायचं. शेजारच्या विणकरांचे माग खडखडत असायचे आणि आक्का गुडघे टेकून, तळहाताखाली फडकं दाबून शांत बसलेल्या असायच्या. "घासलं की आत जातंय, दाबलं की वर येतंय," म्हणायच्या. मला ते सगळे रिकामपणाचे उद्योग वाटत. पण घरात येणाऱ्या बायका दारातच हुंगून बघायच्या आणि त्यांना काही म्हणजे काही सापडायचं नाही, याचा मलाही हळूहळू अभिमान वाटायला लागला होता. कुत्री कानामागून आली आणि तिखट झाली, घर तिच्या तंत्रानं चालायला लागलं.

मग बुंदी म्हातारी झाली. लघवी आवरेना. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास, तसे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीला अंग घासत ती घरभर फिरायची, पण मागच्या दाराशी बरोबर पोचायची. तिथं पायरीखाली आक्कांनी गोणपाटाचा एक तुकडा टाकून ठेवला होता. सोफ्याच्या शिवणीत सोडा भरणारी ही बाई, पण ते पोतं तिनं कधी धुतलं नाही. नाकाला पदर लावून मी म्हणायची, "आक्का, ह्याचं कायतरी करा की." "तेवढं ऱ्हाऊ दे गं," म्हणायच्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही...

सुतक फिटलं तशी निपाणीहून वन्सं आल्या आणि रीतीप्रमाणे घर धुवायला काढलं. सगळ्यांनीच पदर खोचले. भिंती पुसल्या, फरशा धुतल्या, पायरी खराट्यानं घासली, पोतं कचऱ्याच्या गाडीत गेलं. शेवटी वन्संनी कोपऱ्याकोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं. आक्का असत्या तर नक्की म्हणाल्या असत्या, "एकीचं शिंपडताय आणि दुसरीचं पुसताय व्हय?" मला हसू आलं.

त्यानंतर बुंदीला धरबंध उरला नाही. दिवाणाखाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, तिच्यासाठी मी खाली झोपायला लागले तर माझ्या अंथरुणाच्या कडेला... मी टिपत होते, सोडा टाकत होते, झाडत होते, तोवर दुसरीकडे ओलं. कंबर धरली. थकले मी. आक्कांसाठी नीट बसून रडायलाही सवड मिळेना. बंगळूरला परत गेलेली मनीषा फोनवर म्हणाली, "काकू, चिकोडीच्या शेतावर सोड तिला. तुझ्यानं हुणार न्हाय आता." आंधळी, म्हातारी कुत्री अनोळखी शेतावर काय करणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तरी मी बरं म्हटलं. गाडी सांगून झाली.

गाडी यायची त्या सकाळी पुढच्या खोलीत पुन्हा ओलं दिसलं. हाताला लागलं ते फडकं घेतलं, ते आक्कांच्या जुन्या पातळाचं निघालं. दाबून बसले होते, तेवढ्यात बुंदी भिंतीच्या कडेनं निघाली. मागच्या दाराशी गेली, पायरीवर नाक टेकलं, हुंगलं, इकडे तिकडे फिरली, पुन्हा हुंगलं. काही न सापडून परत आली आणि माझ्याजवळ मान खाली घालून उभी राहिली. ती रोज जात होती. आम्ही तिची खूण धुऊन टाकली होती. डोळे गेल्यावर तिला तेवढा वासच दार दाखवत होता, आणि दवाखान्यात शेवटच्या दिवशी आक्कांना घोर होता तो त्या पोत्याचा. मग मात्र मला रडू आलं, इतके दिवस साठलेलं सगळं.

ते ओलं फडकं मी बादलीत टाकलं नाही. मागच्या पायरीखाली पसरलं, वर दगड ठेवला आणि बुंदीला मानेला धरून तिथं नेलं. तिनं बराच वेळ हुंगलं. शेपटी जराशी हलली. मग तिथंच बसून तिनं आपलं काम उरकलं. मी आत येऊन गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं.

परवा वन्सं पुन्हा आल्या होत्या. मागच्या दाराशी गेल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "शैला, हे फडकं धुऊन टाक की गं."

"तेवढं ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं.