अन्वरीबाईच्या शंभर पेशी

जऊळक्याच्या स्टेशनात गाडी थांबली की उतरलेल्यांतली निम्मी माणसं बाजाराची वाट धरत आणि उरलेली डॉक्टर जिनदास संघईंच्या दवाखान्याची. दवाखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत डॉक्टर, आणि मागच्या खोलीत खिडकीशी, सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर ऊन घेत बसलेली अन्वरी.

अन्वरी ही सैफुद्दीन घड्याळजीची लेक. बापाच्या शेजारी बसून ती लहानपणापासून डोळ्याला भिंग लावायची आणि मुंगीच्या पायाएवढे स्क्रू चिमट्यानं अलगद उचलायची. लग्नही गावातच झालं, सायकलवाल्या युनूसशी. एकदा डॉक्टर घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेले, तर म्हातारा सैफुद्दीन नुसता बाजूला बसलेला आणि घड्याळ उघडून बसली होती ती ही पंचविशीची बाई. तिचा हात जराही हलत नव्हता. डॉक्टरांना रक्त तपासायला माणूस मिळत नव्हता. त्यांनी सासरी आणि माहेरी दोन्हीकडे चहा पिऊन परवानगी काढली आणि तिला सहा महिने अकोल्याला शिकायला धाडलं.

परत आली ती पक्की तयार होऊन. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि त्यातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यांत गोल, गुबगुबीत केंद्रकाच्या किती आणि तुकड्या-तुकड्यांच्या केंद्रकाच्या किती, ते लिहून द्यायचं; थेंबात एकूण पांढऱ्या पेशी वाढल्या की घटल्या, तेही. आकडा चुकू नये म्हणून तिनं आपली युक्ती काढली होती. गोल पेशी दिसली की वाटीत मुगाचा दाणा, तुकड्यांची दिसली की ज्वारीचा. शंभर दाणे झाले की वाटी ओतायची आणि निवडायची.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात गावात फ्लूची साथ आली. घरटी दोघं-तिघं तापानं फणफणलेली, खोकून खोकून बरगड्या दुखणारी. तोवर डॉक्टरांचा रिवाज असा की ताप दिसला की पेनिसिलिनची सुई. पण अन्वरीच्या कागदावर रोज एकच गोष्ट येऊ लागली. न्यूमोनियाच्या रोग्यात पांढऱ्या पेशी भराभर वाढतात, तशा या लोकांत वाढत नव्हत्या. उलट कमीच होत्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "अन्वरीबाई, हा विषाणूचा ताप आहे. याला पेनिसिलिन देऊन उपयोग नाही. गोळी, गरम पाणी आणि आराम."

हे शास्त्र झालं. पण लांबच्या खेड्यातल्या किराणा दुकानवाल्या नथमलची बायको पानाबाई हिला ते कोण सांगणार? ती पदर खोचूनच उभी राहिली.

"आठ मैलावरून बैलगाडीत आली मी. अन् सुई नाही म्हणता? काहून? सुई संपली काय डॉक्टरची?"

"तुमाले सुईच पायजे ना, काकी?" अन्वरी आतून म्हणाली. "या इकडं. मी देतो."

तिनं पानाबाईचं बोट धरलं आणि टच्‌कन टोचलं. पानाबाईनं डोळे मिटले, हुंकार दिला, बोटाला कापूस दाबला आणि दारात बसलेल्या बायांना मोठ्या समाधानानं सांगितलं, "बाईची सुई हलकी हाय. आताच बरं वाटून राह्यलं." तिचा ताप तिसऱ्या दिवशी आपोआप उतरला. त्यानंतर अन्वरीच्या खोलीपुढची रांग डॉक्टरांच्या रांगेहून लांब झाली.

रांग वाढली तशी अन्वरीची वहीही भरत गेली. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ती रोग्याचं पुढं काय झालं तेही समोर लिहून ठेवायची. दोन आठवड्यांनी वही चाळताना तिचा हात थबकला. दोन माणसं अचानक धापा टाकायला लागून अकोल्याला न्यावी लागली होती. एरवी वाटीत मुगाचे वीस-तीस दाणे निघत, या दोघांच्या वाटीत ते दहाच्या आत होते. आणि ते धाप लागायच्या आदल्या दिवशी!

तिनं डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर सारून पाहिली. "दोन माणसांवरून काही ठरत नाही," ते म्हणाले. पण वही लगेच परत दिली नाही, हे अन्वरीनं पाहिलं.

दुसऱ्याच सकाळी सेवालाल आला. स्टेशनवरचा हमाल, बंजारा समाजाचा, दारातून आत यायला वाकावं लागेल असा गडी. चार दिवसांचा खोकला होता, पण हसणं तेच. "मले काय झालं नाही, बहीण. बायकोनं धाडलं म्हनून आलो. दुपारी तांड्यावर जाऊन राह्यलो. भावाच्या घरी जेवन हाय."

अन्वरीनं थेंब घेतला. शंभर पेशी मोजल्या. मूग निघाले नऊ. तिनं दुसरी काच घेतली, दोनशे मोजल्या. मूग सतरा. ती उठून पुढच्या खोलीत गेली.

"डॉक्टरसाहेब, सेवालालभाऊला जाऊ देऊ नका."

"त्याला ताप शंभर. छाती साफ. चालतो-बोलतो आहे."

"ते दोघंबी चालत-बोलतच होते. अन् याचा तांडा सडकेपासून चार कोस आत. तिथं रात्री धाप लागली तर कोन आनणार त्याले?"

डॉक्टरांनी तिची वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "आजचा दिवस व्हरांड्यात झोपवा. उद्या सकाळी पाहू. तुमचं चुकलं तर सेवालालची माफी तुम्ही मागायची."

सेवालाल चिडला, मग जेवणाची आठवण काढून हळहळला आणि शेवटी व्हरांड्यातल्या बाकावर पाय लांब करून गाऊ लागला. दिवसभर त्यानं रोग्यांना हसवलं. संध्याकाळी अन्वरी घरी निघाली तेव्हा तो म्हणाला, "उद्या माफी माग, बहीण, अन् संगं भाकर-पिठलंबी आन."

सकाळी ती खरंच पिठलं घेऊन आली. सेवालाल भिंतीला टेकून बसला होता. गाणं थांबलं होतं. एका दमात दोन शब्द येत नव्हते आणि ओठांवर निळसर छाया होती. डॉक्टरांनी त्याचा दंड धरला. युनूसनं दुकान उघडं टाकून हातगाडी आणली आणि एरवी दुसऱ्यांची ओझी वाहणाऱ्या त्या माणसाला चौघांनी उचलून अकोल्याच्या गाडीत बसवलं. डॉक्टर स्वतः बरोबर गेले.

ते तीन दिवस अन्वरीचं कामात लक्ष नव्हतं. बापानं विचारलं तर म्हणाली, "अब्बा, मेरा गिना हुआ ग़लत निकलता तो अच्छा था." चौथ्या दिवशी निरोप आला की प्राणवायू वेळेत मिळाला, आता जेवण मागतो आहे आणि वॉर्डातल्या नर्सना गाणी शिकवतो आहे. अन्वरी खिडकीशी बसूनच रडली आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

सेवालाल तीन आठवड्यांनी परतला तो निम्म्या वजनाचा आणि दुप्पट आवाजाचा. प्रत्येक गाडीला उतारूंना सांगायचा, "आमच्या बाईनं काचंत माहं मरन पाह्यलं अन् त्याले हाकलून देल्लं!" झालं, मग लोक अन्वरीला भलतंच विचारायला लागले. एक बाई केनवडहून लेकीच्या लग्नाचा योग पाहायला आली. अन्वरीनं हात जोडले. "मावशी, मले फक्त पेशी दिसतात. नवरदेव नाही दिसत."

मार्च उजाडला आणि साथ ओसरली. तेव्हा पुढं काय झालं ते लिहायचं असं वहीत एकच नाव राहिलं होतं, भाजीवाल्या रामीबाईचं. मूग आठ! दवाखान्यात थांबायला तिनं साफ नकार दिला होता. अन्वरी तिला शोधत बाजारात गेली, तर रामीबाई वांग्यांच्या ढिगामागं बसून गिऱ्हाइकाशी भांडत होती.

"मले काय झालं? दोन दिवस खोकली अन् कामाले लागली. तुह्या मुगानं मले नाही मारलं, बाई."

अन्वरीनं ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं.

"मग हे नाव खोडायचं का?" डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं.

"कायले खोडू? झालं ते झालं. तेबी लिवायलाच पायजे."

डॉक्टर हसले. "आता तुम्ही खऱ्या तपासणीस झालात. दोघं-तिघं सापडली म्हणून नियम नाही, एक चुकली म्हणून फेकूनही द्यायचं नाही. मोजत राहायचं."

अन्वरीनं रामीबाईच्या नावापुढं लिहिलं, 'बरी आहे. भांडते.' आणि काच पुसून पुढच्या माणसाला आत बोलावलं.