रस्त्याच्या वरच्या अंगाला

मला अजूनही रस्त्याची भीती वाटते. गल्लीतल्या बायका हसतात. म्हणतात, अकोले तालुक्याच्या डोंगरात वाढलेली बाई, रानातून एकटी चालणारी, आणि कोपरगावात येऊन डांबराला घाबरते! हसू देत. रानात मागून काही आलं तर निदान पाचोळा वाजायचा.

नवऱ्याला गॅरेजमध्ये काम लागलं म्हणून आम्ही इथे आलो. खोली रस्त्याच्या या बाजूला, मुलीची शाळा त्या बाजूला. शाळेची घंटा आमच्या दारात ऐकू यायची, इतकी जवळ. पण आम्ही आलो त्याच सुमाराला रस्ता रुंद झाला आणि मध्ये डिव्हायडर पडला. डिव्हायडरला एक फट ठेवली होती, ती गाड्यांना वळायला. माणसांनी कुठून जायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

मला ओलांडण्याची एकच रीत ठाऊक होती, ओढ्याची. पावसाळ्यात आमच्याकडे ओढा उतरताना मोठं माणूस पाणी येतं त्या वरच्या अंगाला राहतं, पोर खालच्या अंगाला. म्हणजे पाण्याचा जोर आधी मोठ्याच्या पायांवर येतो. आणि एक नेम कडक: पाण्यात हात बदलायचा नाही, सोडायचा तर मुळीच नाही. मी तसंच करायची. गाड्या उजवीकडून यायच्या, म्हणून मी उजवीकडे आणि मुलगी माझ्या डाव्या हाताला. मूठ घट्ट आवळून फटीपर्यंत जायचं आणि तशीच मूठ आवळून पलीकडे.

त्या सकाळी फटीतून पुढे निघालो आणि डावीकडून कारखान्यावर ऊस टाकून परतणारा रिकामा ट्रॅक्टर आला. ट्रॉली नुसती उडत होती. मी मुलीला मागे खेचलं. तिच्या खांद्यावरची पाण्याची बाटली ट्रॉलीला घासली, पट्टा तुटला आणि बाटली चाकाखाली गेली. तो प्लॅस्टिकचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

शाळेच्या फाटकाशी हातगाडीवर पेरू विकणाऱ्या मावशी ओरडत आल्या. "अगं ए बाई! गाड्या ह्या अंगानं येत्यात आन् पोरगीबी ह्याच अंगाला धरलीस व्हय?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. डिव्हायडरच्या पुढे गाड्या उलट्या बाजूने येतात. ओढ्याचं पाणी कधी मधूनच उलटं वाहत नाही, म्हणून हे मला सुचलंच नव्हतं. हात सोडायचा नाही म्हणून मी रोज अर्धा रस्ता मुलीलाच पुढे धरून चालत होते.

चूक कळली, पण भीती उतरली नाही, उलट वाढली. मी मुलीला घरी ठेवलं. ती उंबऱ्यात बसायची, घंटा झाली की म्हणायची, "आई, आता प्रार्थना." थोड्या वेळाने, "आता हजेरी." मी भांडी घासत ऐकत राहायची.

नवरा म्हणाला, "किती दिवस ठेवणार घरी?"

"भीती गेली की पाठवीन."

बोलून गेले आणि आईचं बोलणं आठवलं. माझी सातवीची शाळा ओढ्यापलीकडे होती. आई म्हणाली होती, पाणी उतरू दे, मग जा. पाणी उतरलं, तोवर मी भाताच्या आवणीला, रोपं लावायला, लागले होते, आणि शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, मीसुद्धा नाही. तो ओढा निदान उतरला तरी. हा रस्ता कधी उतरणार?

मावशी आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. पोरगी दिसत नाही म्हणून त्या दारात आल्या. "आजारी हाय का?"

"नाही मावशी. मला भ्या वाटतं."

वाटलं, हसतील. त्या खाली बसल्या. "मलाबी लई वाटतं. म्हणून तर हातगाडीच्या मागं चालते. माणसाला बघून कुणी थांबत न्हाई गं. हातगाडी आडवी आली की थांबत्यात. गाडीला वरखडा पडंल ना त्यांच्या!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मावशींच्या हातगाडीच्या आडोशाने जाऊ लागलो. फटीत पोचलं की मी मुलीची बाजू बदलायची, ओढ्याचा नेम मोडून बदलायची. आम्हाला बघून गल्लीतल्या आणखी पोरी आल्या. एक रिक्षावाला ओरडायचा, "काय मावशी, शाळा काढली का काय?"

"व्हय, तूबी ये. हॉर्न सोडून दुसरं काय येतंय तुला?"

पेरू संपले की बोरं, बोरं संपली की काकड्या, पण हातगाडी रोज निघायची. माझ्या मुलीची शाळा टिकली ती या बाईमुळे. तिचे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही. पुढे शाळेतल्या बाई आणि पालक मिळून नगरपालिकेत खेटे घालत राहिले. उशिरा का होईना, गतिरोधक झाला, पांढरे पट्टे आले. आता गाड्या थांबतात. सगळ्या नाही.

यंदा मुलगी सातवीत गेली. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात म्हणाली, "आई, तू नको येऊस. मुली हसतात."

मी कडेपर्यंत गेलेच. ती पट्ट्यांवर उतरली. एक गाडी थांबली. तिच्या मागची थांबली नाही, बाजूने पुढे घुसली. मुलगी जागच्या जागी उभी राहिली, त्या गाडीला जाऊ दिलं, मग फटीत पोचली. मध्ये एक डंपर आला आणि मला ती दिसेना. डंपर गेला. ती डावीकडे बघत उभी होती. रस्ता मोकळा झाल्यावर चालत गेली.

उजवीकडून हॉर्न वाजला. मी कधी पट्ट्यांवर उतरले होते, मलाच कळलं नव्हतं.

"ओ वहिनी," रिक्षावाला म्हणाला, "जाणार का थांबणार?"

पलीकडे फाटकातून मुलगी हाताने मला मागे हो म्हणत होती, रागाने.

"थांबणार," मी म्हटलं, आणि मागे सरले.